एकतीस

रावपुऱ्यातल्या झाडांच्या बुंध्यांना परवा पुन्हा चुना आणि गेरू लागला. खाली दोन हात पांढरा, वर वीतभर तांबडा. कोणी मोठा पाहुणा यायचा असला की पालिकेची माणसं बुंधे रंगवून जातात, आणि थंडीत बडोद्याला पाहुणे फार. मी स्कूटर बाजूला लावून झाडं मोजली. आमच्या गल्लीच्या तोंडापासून चौकापर्यंत एकवीस भरली. चार हिवाळ्यांपूर्वी तेवीस होती. दोन त्याच वेळी पाडली, परदेशी खेळाडूंच्या बसगाड्यांना वळायला जागा हवी म्हणून. बसगाड्या शेवटी दुसऱ्याच रस्त्याने गेल्या.

ओल्या चुन्याचा तो घशाला लागणारा वास आला की माझ्या उजव्या हाताची बोटं आखडतात. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं.

त्या हिवाळ्यात शेजारच्या देशांच्या क्रीडास्पर्धा आपल्याकडे भरल्या होत्या. बडोद्याच्या वाट्याला तीनच खेळ आले, त्यांत मैदानी स्पर्धा होत्या. आठ देशांसाठी आठ ध्वजस्तंभ उभारले. सिमेंट ओलं असतानाच कळलं की एक देश येत नाही. कारण ज्याने त्याने आपापलं सांगितलं. सात झेंडे चढले, आठवा खांब तसाच राहिला, कारण काढायचा तर पुन्हा खोदावं लागलं असतं. त्याची दोरी सोडवायची कोणाला सुचली नाही. वारा सुटला की ती लोखंडावर टण टण वाजायची. उद्घाटनाच्या भाषणांतही वाजत होती.

"वाजू दे," दळवी सर म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्या शहाकाकांशी तुझ्या वडिलांनी नऊ वर्षं अबोला धरला होता. एका पाण्याच्या टाकीवरून. हे तर देश."

दळवी सर मराठी शाळेतले माझे व्यायामशिक्षक. त्या वर्षी त्यांचं वय एकाहत्तर होतं. कॉलेजात असताना त्यांनीच मला पंचांच्या परीक्षेला बसवलं, आणि कोयलीला तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता मी अठ्ठावीस हिवाळे त्यांच्याबरोबर मैदानावर उड्या मोजल्या. सर टेप धरत, मी लिहीत असे. उडी मोजताना सेंटिमीटरच्या खालचं सगळं सोडून द्यायचं असतं. एकतीस सेंटिमीटर आणि वर नऊ मिलिमीटर भरले तरी एकतीसच लिहायचं. मला हा नियम आवडायचा. जेवढं पुरं झालं तेवढंच आपलं, असं त्यात काहीतरी होतं.

सकाळची हवा तेव्हा इतकी कोरडी असे की वाळू ओली केली तरी तासाभरात पांढरी पडे. करजणकडून पोंक यायला लागला होता. मैदानाच्या दाराशी एक बाई कोवळ्या ज्वारीचे ते हिरवे दाणे शेवेबरोबर पुड्यांत बांधून विकत बसायची, आणि श्रीलंकेची मुलं ते चण्यासारखे तोंडात टाकायची. संक्रांतीला अवकाश होता, पण पोरांना अवकाश नसतो. दुपारपासून आकाशात पतंग, आणि सकाळी मैदानभर तुटका मांजा. तो काचेचा धागा उन्हात दिसत नाही. तिहेरी उडीची मुलगी जीव तोडून धावत येते. तिच्या घोट्याला मांजा लागला तर तिचं वर्ष संपलं. म्हणून रोज सकाळी सातला आम्ही चौघं धावपट्टीवरून कमरेत वाकून चालत जायचो, हाताने चाचपत. पहिल्या सकाळी चौदा तुकडे निघाले.

दुसऱ्या सकाळी आमच्या रांगेत पाचवं कोणीतरी वाकून चालताना दिसलं. नेपाळची बिनिता. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मिळालेला मांजा ती दोन बोटांवर आठच्या आकड्यासारखा गुंडाळत होती, आमच्या पोरांसारखाच.

"अंकल, नदी में सच में मगर है?" तिने विचारलं. विश्वामित्रीतल्या मगरींची गोष्ट सगळ्या खेळाडूंच्या वसतिगृहात पोचली होती.

मी हो म्हणायच्या आत दळवी सर बोलले. "है ना, बेटा. पण गभराव मत. सब शाकाहारी हैं. गुजरात के हैं."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग बोलता बोलता तिने सांगितलं, साधेपणाने, जसं आपण बसचा नंबर सांगतो तसं. आपल्या देशात ती एका सरकारी खात्याच्या संघाकडून खेळते, हंगामी म्हणून. वय सव्वीस झालं. या वेळी पदक मिळालं तर खात्यात कायम होईल. नाही मिळालं तर पुढच्या भरतीत विशीच्या मुली येतील. "तीसरा भी चलेगा, अंकल," ती म्हणाली. "तीसरा मतलब नौकरी."

हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते माहीत नसताना झालं असं मला म्हणता येत नाही.

आमच्या घरात आकडे दोन तऱ्हांनी लिहिले जातात. मी कामावर इंग्रजी आकडे काढतो, घरी मराठी. मुलीला, मनवाला, आम्हीच इंग्रजी शाळेत घातलं. ती घरात मराठी बोलते, दाराबाहेर पडली की गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, आणि आकडे सगळीकडे इंग्रजीत. 'एकोणसत्तर' म्हटलं की ती थांबते आणि म्हणते, "बाबा, नीट सांगा ना." स्वयंपाकघरातल्या मराठी दिनदर्शिकेवर मोठ्या तारखांखाली बारीक इंग्रजी तारखा असतात, ती त्या वाचते. मला हे कधी फारसं लागलं नव्हतं. आपण बडोद्याचे, आपल्याला दोन-तीन भाषांतून वाट काढत राहायचं असतं, असं मी मानायचो. त्या स्पर्धांत मनवा स्वयंसेवक होती. निकाल संगणकावर चढवायचं टेबल तिच्याकडे होतं. बापलेक एकाच ठिकाणी कामाला, याचा मला, खरं सांगतो, अभिमान होता.

मी पाहिलंय की आकडा ज्या भाषेत कानावर येतो त्याच भाषेत हात तो लिहितो. मैदानावर सर नेहमी इंग्रजीतच ओरडायचे. तसा दंडकच आहे. म्हणून अठ्ठावीस वर्षांत माझी कधी गल्लत झाली नाही.

स्त्रियांच्या तिहेरी उडीच्या दुपारी अंतर मोजायचं यंत्र चौथ्या फेरीत बंद पडलं. खड्ड्याजवळचा फलकही विझला. स्टीलची जुनी टेप निघाली. माझ्याबरोबरचा दुसरा नोंद ठेवणारा माणूस यंत्राच्या बॅटरीमागे पळाला, म्हणून कागद एकट्या माझाच राहिला. फेरी संपली की तो कागद मनवाच्या टेबलावर जायचा, आणि तिने चढवलेले आकडे मोठ्या फलकावर दिसायचे.

पाचव्या फेरीत बिनिता आली. तोवर तिची सर्वांत लांब उडी बारा मीटर अठ्ठावीस होती, आणि तिसऱ्या जागी असलेल्या श्रीलंकेच्या उंच मुलीची बारा छत्तीस. बिनिताची धाव मला आजही पावलांनिशी आठवते, विशेषतः शेवटची चार. फळीवर पाऊल बरोबर. पांढरा झेंडा वर गेला. सरांनी टेप ओढली, फळीपाशी वाकून वाचली आणि ओरडले, "ट्वेल्व्ह..." तेवढ्यात टेप निसटली. मी बारा लिहून थांबलो होतो. वारा होता, आठवा खांब वाजत होता.

"सर, किती? परत सांगा," मी विचारलं. मराठीत विचारलं.

"एकतीस रे, एकतीस," सर म्हणाले.

माझ्या हाताने लिहिलं. पुढची मुलगी धावपट्टीवर उभी होती.

उरलेली स्पर्धा नीट पार पडली. मोठ्या फलकावर तिसऱ्या जागी बिनिताचं नाव आलं. आक्षेपाची अर्ध्या तासाची मुदत संपली, कोणी काही बोललं नाही. पदकं दिली गेली. मी दुरून टाळ्या वाजवल्या. पाचव्या उडीपेक्षा सहावी चांगली पडली असेल, असं मला वाटलं. सहाव्या फेरीला यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी टेप गुंडाळायला सरांकडे होतो आणि दुसरा माणूस परत येऊन कागद लिहीत होता. इतका साधा समज करून मी टाळ्या वाजवल्या.

निकालाचा छापील कागद सहीसाठी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मी आकडा पडताळल्याशिवाय सही करत नाही, म्हणून माझी शेवटी. बिनिताची सहावी उडी फाउल. पाचवी, 12.39. मी हाताच्या कागदावर बोट नेलं. तिथे माझ्या अक्षरात होतं: 12.३१.

बारा इंग्रजीत, एकतीस मराठीत. हातानं लिहिलेला तीन दोन्हीकडे सारखाच. आणि आपला एक, गोल डोक्याचा, खाली शेपटी सोडलेला, इंग्रजी बाराच्या शेजारी बसला की नऊ होतो.

मनवा पलीकडे वायर गुंडाळत होती. "झालं का, बाबा? सगळे साइन करून गेले."

"हा आकडा तू काय वाचलास?"

"थर्टी-नाइन."

"हा एक आहे."

"एक असा कुठे..." ती म्हणाली, आणि मग वाकून बघत राहिली. तिला गुजराती एकडा ओळखता येतो, तो असाच असतो. "बाबा, तुम्ही मराठीत लिहिलंत?"

खिडकीतून बिनिता दिसत होती. गळ्यात पदक, कानाला फोन. पलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती पदक फोनशी धरून त्यावर नखाने टिचकी मारत होती. एकदा मारायची, ऐकायची, पुन्हा मारायची.

"बाबा, कोणी विचारलेलं नाही," मनवा हळू म्हणाली. "कोणी विचारणारही नाही."

भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत मी काय विचार केला ते मला पुन्हा पुन्हा आठवायचा प्रयत्न करूनही सापडत नाही. बारा छत्तीसवाली मुलगी बसमध्ये बसून वसतिगृहाकडे गेली होती, तिने तोंडावर टॉवेल घेतला होता, एवढं एक चित्र सापडतं. मग मी उठलो.

मुख्य पंच मालदीवचे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरांना बोलावलं.

"सर, तुम्ही एकतीस म्हणालात," मी म्हणालो.

सर खुर्चीत बसले. "म्हणालो असेन. आज एक्केचाळीस उड्या मोजल्या, सुहास. एकही आठवत नाही. खोटं कशाला सांगू?"

मुख्य पंच इंग्रजीत जे बोलले त्याचा अर्थ असा: तुम्ही सगळे एका गावचे आहात. ज्याने लिहिलं तोच म्हणतो की हा एक आहे. माझ्या डोळ्यांना नऊ दिसतो, तुमच्या मुलीलाही नऊ दिसला. पदक देऊन झाल्यावर केवळ तुमच्या शब्दावर मी ते काढून घेऊ शकत नाही. मग त्यांनी कागद पुन्हा उचलून पाहिला. ही लिपी नेपाळमध्ये वापरतात ना, त्यांनी विचारलं. ज्याचं नुकसान होणार आहे त्यालाच वाचू द्या.

बिनिताचे प्रशिक्षक थापा सर आले. पन्नाशीचे, ठेंगणे, डोक्याला लोकरीची टोपी. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. मुख्य पंचांनी कागद त्यांच्यासमोर ठेवला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

त्यांनी खिशातून चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला. कागदावर त्यांच्या खेळाडूचं नाव होतं. पलीकडे छापील निकाल होता, तोही त्यांना दिसत होता. एवढा शहाणा माणूस, त्याला सगळं कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. बोटं एकदा मिटली, पुन्हा उघडली.

"एकतीस," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "यो त एकतीस हो."

चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. "दाइ," ते थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले, "हम भी ऐसे ही लिखते हैं." दारापर्यंत गेले आणि थांबले. "उसको मैं बोलूँगा. आप मत आइए."

श्रीलंकेच्या मुलीला पदक संध्याकाळी वसतिगृहात दिलं, निळ्या डबीतून, तिच्या व्यवस्थापकाची सही घेऊन. तेव्हा ती कपडे धूत होती. ओल्या हातांनी डबी घेऊन तिने विचारलं म्हणे, आता फोटो कुठे काढायचा? झेंडे तोवर उतरवलेले होते. एकच पदक, आणि ते दोघींपैकी एकीलाही धड मिळालं नाही. सकाळच्या वर्तमानपत्रात पायरीवर बिनिताच उभी होती. पानं आधीच छपाईला गेली होती.

मला कोणी काही बोललं नाही. मुख्य पंचांनी तर अहवालात माझ्या सचोटीबद्दल एक वाक्य लिहिलं. चूक माझी, शिक्षा तिला, शाबासकी मला. खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते असं शाळेत शिकवतात, पण ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या नोकरीतून जाते, हे त्या धड्यात नव्हतं. तरी गप्प राहायला हवं होतं, असं मला आजही म्हणता येत नाही. मग पाच सेंटिमीटर जास्त लांब उडी मारलेल्या त्या दुसऱ्या मुलीला काय सांगायचं? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ वेळा मांडून पाहिलं. बरोबर उत्तर एकच येतं, आणि त्याने काहीच भागत नाही.

तिसऱ्या दिवशी चहा देताना मनवा म्हणाली, "तुम्ही मला आकडे शिकवले असतेत तर?"

"मी इंग्रजीत लिहिलं असतं तर," मी म्हणालो.

"दोन्ही," ती म्हणाली.

आता तिला येतात. स्वतःच बसून शिकली, सगळे शंभर. लग्न ठरलंय तिचं, पुण्याला. दिनदर्शिकेचं पान उलटताना ती मोठी मराठी तारीख वाचते, आणि महिना एकतीसचा असला तर तीसवर थांबते. वर्षातून सात वेळा.

मैदानावर आता लग्नसमारंभ होतात. तिहेरी उडीच्या खड्ड्यातली वाळू कोणी कोणी बांधकामाला नेली, उरलेल्यात मांजरं येऊन जातात. आठही खांब उभे आहेत आणि त्यांवर मंडपाच्या माळा चढतात. मला जिल्ह्याच्या स्पर्धांचं बोलावणं दरवर्षी येतं. मी दरवर्षी नाही म्हणून कळवतो. दळवी सर आता घरातच असतात. भेटायला गेलो की चहा यायच्या आत विचारतात, "अरे सुहास, मी एकतीसच म्हणालो होतो ना?" मी हो म्हणतो. थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, "नक्की? एकोणचाळीस नाही?" मी पुन्हा हो म्हणालो. पण घरी येताना रावपुऱ्याच्या चौकात क्षणभर माझीच खात्री डळमळली. यंत्र बंद होतं. वाळू त्याच मिनिटाला सपाट केली होती. त्या उडीचा या जगात दुसरा पुरावा नाही. माझा कान, माझा हात आणि थापा सरांचा चष्मा, एवढाच.

नाही. आणखी एक पुरावा आहे.

स्त्रियांच्या त्या स्पर्धेनंतरच्या सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे मांजा वेचायला गेलो. त्या दिवशी पुरुषांच्या उड्या होत्या. थंडी होती, धावपट्टी हाताला गार लागत होती. निम्म्यावर आलो तेव्हा समोरून कोणीतरी वाकून चालत येताना दिसलं. बिनिता. तिचे डोळे सुजलेले होते, पण मांजा ती तसाच गुंडाळत होती, दोन बोटांवर, आठच्या आकड्यासारखा. समोरासमोर आल्यावर तिने तो माझ्या हातात दिला.

मी तिची माफी मागितली. हिंदीत काय बोललो ते आठवत नाही. तिने ऐकलं आणि मान हलवली.

"अंकल, मैंने सुना था," ती म्हणाली. "खड्डे के पास खड़ी थी, तब सर ने बोला. एकतीस. दो बार बोला."

"फिर?"

"फिर बोर्ड पे उनचालीस आया." ती खाली बघत होती, धावपट्टीवर आणखी कुठे धागा आहे का ते. "मैंने सोचा, आपकी भाषा में एकतीस का मतलब कुछ और होता होगा."